अर्ध्या तासात १५७ कोटी

५ जून २०२४. लोकसभेची मतमोजणी आदल्या दिवशी झाली होती. त्या मंगळवारी कोसळलेला बाजार बुधवारी सावरत होता. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या सव्वासहा तासांत मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, १,९७१ कोटी ऑर्डरी आल्या. जगातल्या कुठल्याही शेअर बाजाराने एका दिवसात हाताळलेली ही सर्वात मोठी संख्या असल्याचं एनएसईने जाहीर केलं.

१,९७१ कोटी हा आकडा नुसता वाचून डोक्यात शिरत नाही. सव्वासहा तासांचे सेकंद होतात २२,५००. म्हणजे दर सेकंदाला ८ लाख ७६ हजार ऑर्डरी. एखाद्याने त्या ऑर्डरी सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस न थांबता मोजायचं ठरवलं, तर त्याला जवळजवळ ६२५ वर्षं लागतील. २०२४ मध्ये मोजणी संपवायची तर त्याला सुरुवात १३९९ च्या सुमारास करावी लागली असती, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोनशे तीस वर्षं आधी. एवढ्या ऑर्डरींतून प्रत्यक्ष सौदे झाले २८ कोटी ५५ लाख. एका सौद्यामागे सरासरी ६९ ऑर्डरी पडल्या. उरलेल्या बदलल्या गेल्या, मागे घेतल्या गेल्या किंवा तशाच संपल्या. माणसाच्या बोटांना हे जमणारं नाही. इथे यंत्रं यंत्रांशी सौदा करतात.

आता दुसरा आकडा. सेबी या आपल्या बाजार नियामकाच्या नियमानुसार कंपनीच्या संचालक मंडळाने महत्त्वाचा निर्णय घेतला आणि बाजार चालू असताना बैठक संपली, तर संपल्यापासून ३० मिनिटांत तो शेअर बाजाराला कळवावा लागतो. कंपनीत घडलेल्या इतर महत्त्वाच्या घटनेसाठी १२ तास, आणि कंपनीबाहेर घडलेल्या घटनेसाठी २४ तास. जुलै २०२३ मध्ये या मुदती आल्या तेव्हा त्या फार कडक आहेत अशी कंपन्यांची तक्रार होती. पण ५ जूनच्या वेगाने हिशेब केला, तर ३० मिनिटांत १५७ कोटींहून जास्त ऑर्डरी येऊन जातात. नियमाच्या दृष्टीने अर्धा तास म्हणजे तत्परता. बाजाराच्या दृष्टीने तेवढ्या वेळात एक युग उलटून गेलेलं असतं.

सरकारी नियमन आणि इंटरनेट यांचा संबंध मला या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत दिसतो. या फटीत काय काय घडलं ते पाहायचं, तर आधी अमेरिकेत जावं लागतं, कारण ठेचा आधी तिथे लागल्या.

१९२९ च्या मंदीनंतर अमेरिकेने १९३३ आणि १९३४ मध्ये रोखे बाजाराचे दोन कायदे केले आणि सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, म्हणजे एसईसी, ही नियामक संस्था उभी केली. कायद्याचा गाभा साधा होता. शेअर चांगला की वाईट हे सरकार सांगणार नाही; कंपनीने खरी माहिती सर्वांसमोर ठेवावी, मग ज्याचं त्याने ठरवावं. पण ‘सर्वांसमोर’ म्हणजे पुढची साठ वर्षं वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि शिकागो इथल्या सरकारी वाचनकक्षांत ठेवलेले कागदाचे गठ्ठे. तिथे पोचणारा माणूस बहुधा बँकेचा किंवा दलालाचा पगारी नोकर असे. आयोवातल्या शिक्षिकेला ती माहिती कायद्याने खुली होती, पण तिच्या हाती लागत नव्हती.

१९८४ मध्ये एसईसीने ‘एडगर’ या संगणकीय व्यवस्थेचा प्रयोग सुरू केला. १९९३ पासून टप्प्याटप्प्याने कंपन्यांना तिच्यातून अहवाल पाठवणं सक्तीचं झालं आणि १९९६ पर्यंत सर्व अमेरिकी कंपन्या त्यात आल्या. प्रयोगापासून सक्तीपर्यंत बारा वर्षं गेली. तरीही एक मोठा प्रश्न उरला होता: अहवाल संगणकात आले, पण ते लोकांना देणार कोण? सुरुवातीला ते घाऊक विकण्याचं काम खाजगी कंपन्यांकडे होतं आणि सामान्य माणसाला दर परवडणारे नव्हते. तेव्हा कार्ल मालमूड नावाच्या इंटरनेट कार्यकर्त्याने न्यूयॉर्क विद्यापीठाच्या साथीने, सरकारी विज्ञान संस्थेच्या अनुदानावर, हे सगळे अहवाल इंटरनेटवर फुकट ठेवायला सुरुवात केली. लोक वापरू लागले. १९९५ मध्ये मालमूड यांनी सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि हे काम सरकारचं आहे, सरकारला सांगा, असं वापरणाऱ्यांना सुचवलं. लोकांनी सांगितलं. एसईसीने ती सेवा स्वतःकडे घेतली. याच मालमूड यांनी पुढे भारतीय मानक ब्युरोची मानकंही सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवली आणि त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत लढा दिला.

आज एडगरवर दिवसाला सुमारे ३,००० अहवाल दाखल होतात. वर्षाला सरासरी ४०,००० नवे दाखलकर्ते येतात. आणि लोकांनी वर्षभरात तिथून उतरवून घेतलेली माहिती भरते सुमारे ३,००० टेराबाइट. सेकंदाच्या हिशेबात हे ९५ मेगाबाइट होतं: चोवीस तास, वर्षाचे ३६५ दिवस, दर सेकंदाला जाडजूड पुस्तकांनी भरलेलं एक कपाट. बंधन एवढंच, की एका वापरकर्त्याने सेकंदाला १० पेक्षा जास्त वेळा मागणी करायची नाही. या सगळ्याला एक पैसा पडत नाही. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत बाजार नियामकांनी केलेलं हे सर्वात मोठं काम आहे, आणि त्याची सुरुवात एका बाहेरच्या माणसाच्या हट्टातून झाली हे विसरू नये.

एडगरने कागद खुले केले. बोलणं खुलं झालं नव्हतं. कंपनीचे प्रमुख बड्या विश्लेषकांशी बंद फोनवर बोलत, येत्या तिमाहीचा अंदाज कानात सांगत, आणि विश्लेषक आपल्या बड्या ग्राहकांना तो कळवत. हे थांबवण्यासाठी एसईसीने ऑगस्ट २००० मध्ये ‘रेग्युलेशन एफडी’ हा नियम मंजूर केला: महत्त्वाची गोष्ट निवडक लोकांना सांगायची नाही, सांगायची तर सगळ्यांना एकाच वेळी. नियमाच्या मसुद्यावर जवळजवळ ६,००० पत्रं आली आणि त्यांतली बहुतेक साध्या गुंतवणूकदारांची होती. लोकांना काय हवं होतं ते त्या टपालाने स्पष्ट केलं.

पण ‘सगळ्यांना एकाच वेळी’ म्हणजे कुठे? २००० मध्ये उत्तर होतं वृत्तसंस्थेचं प्रसिद्धिपत्रक. सन मायक्रोसिस्टिम्सचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांनी २००६ मध्ये एसईसीच्या अध्यक्षांना थेट पत्र लिहून विचारलं, की आमचं संकेतस्थळ जगभर वाचलं जातं, मग तिथे लिहिलेलं ‘जाहीर’ का मानत नाही? एसईसीने ऑगस्ट २००८ मध्ये संकेतस्थळांबाबत मार्गदर्शक भूमिका जाहीर केली. प्रश्न आणि उत्तर यांत जवळजवळ दोन वर्षं गेली, आणि तोवर लोक फेसबुकवर पोचले होते.

३ जुलै २०१२ ला नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपल्या फेसबुक पानावर चाळीसेक शब्द लिहिले. सहकाऱ्याचं कौतुक होतं आणि एक आकडा होता: जूनमध्ये प्रेक्षकांनी नेटफ्लिक्सवर पहिल्यांदाच एका महिन्यात १ अब्ज तासांहून जास्त वेळ घालवला. १ अब्ज तास म्हणजे १ लाख १४ हजार वर्षं. एवढी माणसाची वर्षं लोकांनी एका महिन्यात पडद्यासमोर काढली. हेस्टिंग्ज यांच्या पानाचे अनुयायी होते २ लाखांवर. त्या दिवशी सकाळपासून चढत असलेला शेअर या मजकुराच्या वेळी ७०.४५ डॉलरवर होता, पुढच्या कामकाजाच्या दिवशी ८१.७२ वर बंद झाला.

एसईसीसमोर पेच होता. दोन लाख लोकांसमोर जाहीरपणे लिहिलेलं वाक्य ‘निवडक लोकांना सांगितलेलं’ कसं ठरवायचं? आणि ज्या गुंतवणूकदाराला फेसबुक पाहायचंय हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्याचं काय? २७३ दिवसांनी, २ एप्रिल २०१३ ला, उत्तर आलं. समाजमाध्यमावर माहिती द्यायला हरकत नाही, पण कुठल्या पानावर देणार ते कंपनीने आधी जाहीर करावं. हेस्टिंग्ज यांच्यावर कारवाई झाली नाही. निर्णय शहाणपणाचा होता. नव्या माध्यमाला बंदी घातली नाही, जुनं तत्त्वही सोडलं नाही.

बरोबर एकवीस दिवसांनी, २३ एप्रिल २०१३ ला, त्या शहाणपणाची दुसरी बाजू जगाने पाहिली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं ट्विटर खातं चोरांनी हाती घेतलं आणि व्हाइट हाउसमध्ये स्फोट होऊन अध्यक्ष ओबामा जखमी झाल्याची थाप टाकली. एकच ओळ, बारा शब्द. ती माणसांनी वाचून विचार करायच्या आत बातम्या वाचणाऱ्या यंत्रांनी विकायला सुरुवात केली होती. दोन-तीन मिनिटांत अमेरिकेच्या ५०० बड्या कंपन्यांच्या निर्देशांकातून १३६ अब्ज डॉलरचं मूल्य नाहीसं झालं. तीन मिनिटं धरली तरी दर सेकंदाला ७५ कोटी डॉलर. आणखी काही मिनिटांत खोटेपणा उघड झाला, बाजार पूर्ववत झाला. पण मधल्या मिनिटांत ज्यांनी भीतीने विकलं, त्यांचं नुकसान पूर्ववत झालं नाही.

हेस्टिंग्ज प्रकरणानंतर वर्ष संपायच्या आत टेस्लाने नियम पाळला: आमचे प्रमुख इलॉन मस्क यांचं ट्विटर खातं आम्ही कंपनीच्या घोषणांसाठी वापरू, असं तिने नोव्हेंबर २०१३ मध्ये कळवून टाकलं. कागदोपत्री सगळं ठीक होतं. मग ७ ऑगस्ट २०१८ ला मस्क यांनी त्याच खात्यावरून, २ कोटी २० लाखांहून जास्त अनुयायांसमोर, नऊ शब्द लिहिले: टेस्ला प्रत्येकी ४२० डॉलरला खाजगी करण्याचा विचार आहे, पैशाची व्यवस्था झाली आहे. अशी मोठी बातमी देण्यापूर्वी किमान दहा मिनिटं नॅस्डॅक बाजाराला कळवायचं असतं, म्हणजे सौदे थांबवता येतात. तसं कळवलं गेलं नव्हतं. अखेर सुमारे दीड तास सौदे थांबवावे लागले. एसईसीचं म्हणणं होतं, की पैशाची अशी पक्की व्यवस्था झालीच नव्हती. आरोप मान्य किंवा अमान्य न करता तडजोड झाली. मस्क यांना २ कोटी डॉलर दंड, टेस्लालाही २ कोटी डॉलर, आणि मस्क यांनी अध्यक्षपद सोडायचं. नऊ शब्दांना ४ कोटी डॉलर, म्हणजे शब्दाला ४४ लाख डॉलर. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये भागधारकांच्या दाव्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने मस्क यांना जबाबदार धरलं नाही, हेही नोंदवलं पाहिजे.

या दोन प्रकरणांमधलं अंतर पाहा. २०१२ मध्ये दोन लाख अनुयायी, २०१८ मध्ये शंभरपटींहून अधिक. कायद्याचं वाक्य तेच होतं. ते वाक्य ज्या दुनियेवर लागू होत होतं, ती सहा वर्षांत शंभरपट झाली होती.

आणि नियामकाचं स्वतःचं घरही सुरक्षित नव्हतं. ९ जानेवारी २०२४ ला एसईसीच्याच एक्स खात्यावर बिटकॉइन फंडांना मंजुरी दिल्याची घोषणा झळकली. ती खोटी होती. कुणी तरी खात्याशी जोडलेला फोन नंबर लबाडीने आपल्या सिमकार्डावर वळवून घेतला होता आणि खात्याला दुहेरी पडताळणीचं कुलूप नव्हतं. बिटकॉइन वर गेला, खुलासा येताच खाली आला. खरी मंजुरी दुसऱ्या दिवशी दिली गेली.

अफवा हा गोंगाटाचा भाग. त्याहून भयंकर आहे ती शांतपणे होणारी चोरी. कंपन्यांची प्रसिद्धिपत्रकं ठरलेल्या मिनिटाला प्रसृत करणाऱ्या अमेरिकी वृत्तसेवांच्या संगणकांत २०१० ते २०१५ या काळात चोर शिरले होते. त्यांनी दीड लाखांहून अधिक अप्रकाशित पत्रकं उचलली, ती सौदेबाजांना विकली आणि साऱ्या टोळीने मिळून १० कोटी डॉलरहून अधिक बेकायदा नफा केला. ऑगस्ट २०१५ मध्ये एसईसीने ३२ जणांवर खटला भरला. २०१६ मध्ये खुद्द एडगरमध्येच घुसखोरी झाली, आणि प्रसिद्ध व्हायच्या आधीच किमान १५७ तिमाही निकालांवर सौदे करून ४१ लाख डॉलर कमावले गेले. माहिती एका ठिकाणी गोळा करून एकाच क्षणी सर्वांना द्यायची, ही कल्पना उत्तमच. पण त्यामुळे त्या एका ठिकाणाचं मोलही भयानक वाढतं.

बाजाराच्या वेगापुढे चौकशी किती मागे पडते याचा सर्वात मोठा धडा ६ मे २०१० चा. त्या दुपारी अमेरिकेचा डाऊ निर्देशांक काही मिनिटांत जवळजवळ १,००० अंकांनी पडला आणि तेवढ्याच झपाट्याने बराचसा वर आला. त्या गोंधळात काही शेअर एका सेंटला विकले गेले, तर काही १ लाख डॉलरला. २०,००० हून अधिक सौदे नंतर रद्द करावे लागले. घटना अर्ध्या-पाऊण तासाची, पण नेमकं काय झालं याचा अधिकृत अहवाल यायला ३० सप्टेंबर उजाडला, १४७ दिवस. कारण प्रत्येक ऑर्डर कुणाची, कुठून आली, कशी बदलली हे एका जागी कुठेच नोंदलेलं नव्हतं. म्हणून २०१२ मध्ये एसईसीने सगळ्या ऑर्डरींचा माग ठेवणारी एकत्र नोंदवही उभारायचा आदेश दिला. तिच्यात दिवसाला ५८ अब्ज नोंदी येतील असा अंदाज होता. ती उभी राहायला पुढे कित्येक वर्षं लागली.

ऑर्डरी नोंदवणं हा वेगाचा प्रश्न, तर कंपन्यांचे हिशेब यंत्राला समजावणं हा अर्थाचा. ताळेबंदातला ‘४,५००’ हा आकडा माणसाला कळतो, कारण तो बाजूचं शीर्षक वाचतो. यंत्राला ती नुसती शाई. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या टॅकोमा शहरातले एक लेखापाल चार्ल्स हॉफमन यांनी एक उपाय मांडला: प्रत्येक आकड्याला ओळखपत्र द्या. हा महसूल आहे की कर्ज, कुठल्या तिमाहीचा, कुठल्या चलनात, हजारांत की लाखांत. यातूनच एक्सबीआरएल ही हिशेबाची भाषा तयार झाली. एसईसीने २००५ मध्ये ती ऐच्छिक केली आणि जून २००९ पासून सर्वात मोठ्या, सुमारे ५०० कंपन्यांना सक्तीची केली. दोन वर्षांत बाकीच्या कंपन्याही आल्या. अमेरिकी हिशेबपद्धतीसाठी अशी ओळखपत्रं किती तयार करावी लागली? १५ हजारांच्या घरात. सुरुवातीच्या अहवालांत चुकाही तशाच निघाल्या. वजा चिन्ह उलटं पडलं, हजारांच्या जागी लाख झाले. हळूहळू ते सुधारत गेलं. भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाने आर्थिक वर्ष २०१०-११ पासून ही भाषा सूचिबद्ध कंपन्यांना, तसंच ५ कोटींचं भांडवल किंवा १०० कोटींची उलाढाल असलेल्या कंपन्यांना लागू केली. हा वेग खरंच चांगला होता. अमेरिकेच्या मागे आपण दोनच वर्षं होतो.

आता मुंबईत येऊ. वांद्रे-कुर्ला संकुलात सेबीचं मुख्यालय आणि एनएसई जवळजवळ आहेत. १८७५ मध्ये सुरू झालेला बीएसई दक्षिण मुंबईत दलाल स्ट्रीटवर. देशाच्या भांडवल बाजाराची सगळी सूत्रं एकाच शहरात आहेत, आणि एनएसईच्या नोंदीनुसार सर्वाधिक गुंतवणूकदारही महाराष्ट्रातले. हा विषय आपल्या घरातला आहे.

मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२४ मध्ये १५ कोटी, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० कोटींच्या पार. पाच-साडेपाच वर्षांत पाचपट. या नव्या माणसांना सल्ला कोण देतं? सेबीकडे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार आहेत हजाराच्या आसपास. म्हणजे सुमारे २ लाख खात्यांमागे एक सल्लागार. ही दरी यूट्यूब, टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपने भरून काढली, आणि ती कशाने भरली याची किंमत आपण मोजत आहोत.

२०१७ च्या नोव्हेंबरात रॉयटर्सने एक बातमी दिली. किमान १२ कंपन्यांचे तिमाही आकडे अधिकृत घोषणेच्या आधीच व्हॉट्सॲप गटांवर फिरत होते. सेबीने डिसेंबरमध्ये धाडी घातल्या आणि सुमारे १९० उपकरणं व नोंदी ताब्यात घेतल्या. संदेश सापडले. आकडे जुळत होते. पण तो मजकूर पहिल्यांदा लिहिला कुणी? पुढे पाठवत आलेल्या संदेशाचा उगम सापडेना. मार्च २०२१ मध्ये रोखे अपील लवादाने सेबीचे आदेश रद्द केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सेबीला यश आलं नाही. एका बोटाच्या टोकाने पुढे ढकललेल्या संदेशाच्या मागे पाच वर्षं धावून हाती काही लागलं नाही.

सेबीने यातून धडा घेतला. मागून शोधण्यापेक्षा आधीच नोंद हवी, हा तो धडा. म्हणून एप्रिल २०१९ पासून प्रत्येक सूचिबद्ध कंपनीला गोपनीय माहिती कुणाला, कधी दिली याची डिजिटल नोंदवही ठेवणं बंधनकारक झालं. तिच्यात वेळेचा शिक्का असतो आणि नंतर बदल करता येत नाही. २०२४ च्या जूनपासून पहिल्या १०० आणि डिसेंबरपासून पहिल्या २५० कंपन्यांना आणखी एक काम आलं. मुख्य प्रवाहातल्या माध्यमात आलेल्या अफवेने भाव लक्षणीय हलला, तर २४ तासांत ती खरी की खोटी ते सांगायचं. नियम चांगला आहे, पण तो छापील आणि प्रस्थापित माध्यमांपुरता. टेलिग्रामवरची अफवा त्यात येत नाही, आणि माणसं बुडतात ती तिथेच.

साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीचं प्रकरण मला सर्वात जास्त अस्वस्थ करतं. २०२२ च्या जुलैत यूट्यूबवर काही चित्रफिती आल्या. एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी विकत घेणार आहे, मोठे करार होणार आहेत, असं त्यांत ठामपणे सांगितलं होतं. पैसे देऊन त्या चित्रफितींची जाहिरात केली गेली आणि त्या कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या. सांगितलेलं खोटं होतं. पण शेअर चढला, आणि कंपनीच्या लहान भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. पंचवीसपट. ज्यांनी आधी घेऊन ठेवले होते, त्यांनी या पंचावन्न हजारांच्या गळ्यात ते शेअर मारले. सेबीने मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश दिला. मे २०२५ मधल्या अंतिम आदेशात ५९ जणांवर कारवाई केली आणि ५८ कोटींहून अधिक बेकायदा नफा व्याजासह परत करायला सांगितलं. चित्रफितीपासून अंतिम आदेशापर्यंत जवळजवळ तीन वर्षं. त्या ५३ हजार नव्या भागधारकांत निवृत्तीची पुंजी लावणारे असतील, पहिल्या पगाराचे पैसे लावणारे असतील. तीन वर्षांनी आलेला न्याय त्यांच्यातल्या कितींपर्यंत पोचतो?

असल्या जाळ्यांचा आवाका एका आकड्यात दिसतो. ऑक्टोबर २०२४ पासून पुढच्या पाच-सहा महिन्यांत सेबीने समाजमाध्यमांवरची दिशाभूल करणारी ७० हजारांहून अधिक खाती आणि मजकूर हटवायला लावले. दिवसाला चारशेच्या आसपास. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने आणखी एक रेघ ओढली: शिकवण्याच्या नावाखाली शेअरचे भाव दाखवायचे तर ते तीन महिन्यांपूर्वीचे असले पाहिजेत, म्हणजे ‘शिकवणी’तून आजची टिप देता येणार नाही. कल्पना चांगली, कारण ती माणसाच्या हेतूवर न जाता तारखेवर जाते आणि तारीख तपासता येते. दुसरा आकडा सामान्य माणसांच्या तोट्याचा, सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासातला. वायदे-विकल्पांच्या बाजारात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक सामान्य व्यक्तींनी व्यवहार केले. त्यांतल्या ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि सर्वांचा मिळून निव्वळ तोटा होता १ लाख ८१ हजार कोटी रुपये.

या सगळ्या आकड्यांतून माझं मत पक्कं होत गेलं ते असं. वेगाच्या शर्यतीत सरकार कधीच जिंकणार नाही. सेकंदाला पावणेनऊ लाख ऑर्डरी घेणाऱ्या बाजाराला तीस मिनिटांचा नियम गाठू शकत नाही, पंधरा मिनिटांचा केला तरी नाही. कुणी काय बोललं याचा पाठलाग करण्यातही यश अर्धवटच येतं. व्हॉट्सॲप प्रकरणाने ते दाखवलं. पण जिथे नियामकाने मूळ कागद सर्वांसाठी, एकाच क्षणी, फुकट आणि यंत्राला वाचता येईल असा खुला केला, तिथे तो जिंकला. खोट्या चित्रफितीला सर्वात जलद उत्तर म्हणजे शेजारच्या खिडकीत उघडणारा खरा अहवाल. त्याला आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

आपण इथे अजून अर्ध्या वाटेवर आहोत. सूचिबद्ध कंपन्यांच्या घोषणा बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, ही मोठी सोय आहे. पण देशातल्या अठरा लाखांच्या घरातल्या सक्रिय कंपन्यांपैकी बाजारात सूचिबद्ध असलेल्या काही हजारच. बाकीच्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या व्यवस्थेत आहेत आणि एका कंपनीची कागदपत्रं पाहायला १०० रुपये भरावे लागतात. सगळ्या कंपन्यांकडे एकेकदा नजर टाकायची, तर १८ कोटी रुपये. कुठला पत्रकार, कुठलं महाविद्यालय, कुठली ग्राहक संघटना हे करू शकेल? ठेवी गोळा करणाऱ्या गावातल्या कंपनीचं खरं रूप तपासायला निघालेल्या माणसाने दारातच शंभर रुपये का मोजावेत? माहिती कंपन्यांनी कायद्याने दिलेली आहे, ती ठेवण्याची यंत्रणा जनतेच्या पैशाने उभी आहे. मंत्रालयाने हे शुल्क रद्द करावं आणि सगळे ताळेबंद एकगठ्ठा, यंत्राला वाचता येतील अशा रूपात खुले करावेत. एवढ्या एका निर्णयाने जे साधेल, ते दहा नव्या परिपत्रकांनी साधणार नाही.

तोवर वाचकांना एक विनंती. कुणी एखाद्या शेअरची खात्रीलायक बातमी पाठवली, तर पैसे लावण्याआधी बीएसईच्या किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचं नाव टाका आणि ‘कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स’ उघडा. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. दोन्ही गोष्टी फुकट आहेत आणि पाच मिनिटांत होतात. बातमी तिथे नसेल, तर पैसे लावू नका.